भाड्याची खोली

मुलांनो, तुमच्यापैकी काही जण स्वतःच्या घरात राहत असतील, तर काही जण भाड्याच्या घरात. भाडे म्हणजे काय, असे कोणी विचारले तर 'दर महिन्याला घरमालकाला द्यावयाचे पैसे' असे उत्तर तुम्ही चटकन द्याल; आणि ते चुकीचेही नाही. परंतु त्या पैशांच्या मोबदल्यात भाडेकरूला नेमके काय मिळते, मालकाने काय द्यावयाचे असते, खोली घेण्यापूर्वी ती कशी पारखावी, हे विचारले तर पुष्कळदा मोठी माणसेही क्षणभर विचारात पडतात. म्हणून आज आपण एका खोलीची माहिती करून घेऊ. ही खोली सोलापूर शहरातील आहे. ती तळमजल्यावर आहे. तिच्यात एकच दालन आहे. एका कोपऱ्यात मोरी, दुसऱ्या कोपऱ्यात स्वयंपाकाचा ओटा आणि मागील दाराबाहेर तुळस, एखादे लिंबाचे झाड व कपडे वाळत घालण्याची दोरी मावेल एवढे परसू आहे. अशा खोल्या सोलापुरात एक-दोन नव्हेत, हजारो आहेत.

या खोल्या आल्या कोठून, हे कळण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. सिद्धेश्वराचे देऊळ, त्याचे तळे आणि शेजारचा भुईकोट किल्ला यांच्या भोवती वसलेले सोलापूर हे मूळचे व्यापारी पेठांचे गाव. १८६० साली मुंबईहून येणारी आगगाडी येथवर पोहोचली आणि १८७७ साली येथे पहिली कापडगिरणी सुरू झाली. ते वर्ष दख्खनमधील भयंकर दुष्काळाचे होते. शेते ओस पडली, विहिरी आटल्या आणि पोटासाठी माणसे शहराची वाट धरू लागली. पुढे नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी, जाम अशा आणखी गिरण्या उभ्या राहिल्या. गिरणीचा भोंगा वाजला की शहर जागे होई, अशी सोलापूरची ख्याती झाली. त्या गिरण्या आता बंद पडल्या आहेत. पण गिरणीत काम करण्यासाठी आलेल्या माणसांना रात्री पाठ टेकावयास जी जागा लागली, तिच्यातून उभ्या राहिलेल्या चाळी आणि खोल्या शहरात अजूनही दिसतात.

गाठोडे घेऊन आलेला मनुष्य प्रथम काम शोधतो आणि त्याच दिवशी संध्याकाळी खोली शोधतो. काम मिळाले नाही तर तो एक दिवस उपाशी राहू शकेल. पण बायकामुले बरोबर असतील तर रात्री त्यांना कोठे निजवावयाचे? घर बांधण्याइतका पैसा त्याच्याजवळ नसतो. ज्याच्याजवळ जागा आहे, त्याला तिचे उत्पन्न हवे असते. या दोघांची गाठ पडते, तेथे भाडे जन्माला येते.

सोलापुरात गिरणीकामगारांच्या बरोबरीने दुसरे एक मोठे लोक आले. ते म्हणजे आजच्या तेलंगणाच्या मुलखातून आलेले पद्मशाली विणकर. शहराच्या पूर्व भागात त्यांनी वस्ती केली. आजही त्या भागातील कित्येक घरांत तेलुगू बोलली जाते, बाजारात मराठी चालते आणि शेजारी कानडी ऐकू येते. सोलापुरी चादरीची कीर्ती ज्या हातांनी वाढवली, त्यांत या विणकरांचे हात फार मोठ्या संख्येने आहेत. आता गंमत अशी, की या विणकराला भाड्याने खोली हवी असे, ती तळमजल्यावरचीच. वरच्या मजल्यावरची हवेशीर खोली कमी भाड्यात मिळाली तरी ती त्याच्या उपयोगाची नसे. असे का बरे?

कारण त्याचा हातमाग जमिनीत बसवलेला असे. विणकर जमिनीत कमरेएवढा खड्डा खणी, त्याच्या काठावर बसे आणि पाय खड्ड्यात सोडून पायांनी दाबावयाच्या फळ्या खालीवर करी. त्यामुळे ताण्याचे उभे धागे आळीपाळीने वर उचलले जात आणि त्यांच्या मधून धोटा इकडून तिकडे धावे. वरच्या मजल्यावर असा खड्डा खणणार कसा? शिवाय दुसरेही एक कारण होते. सोलापूरची हवा कोरडी आणि उष्ण. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर चढतो. अशा हवेत सुती धागा कडक होतो व वारंवार तुटतो. धागा तुटला की माग थांबतो, आणि माग थांबला की मजुरी थांबते. जमिनीतील खड्ड्यात मात्र थोडासा ओलावा टिकून राहतो. तो धाग्याला मऊ ठेवतो. म्हणून विणकराला जमिनीलगतची, थोडी थंड, थोडी ओलसर खोली सोयीची वाटे.

परंतु त्याच खोलीत त्याची पत्नी स्वयंपाक करी, त्याची मुले जमिनीवर अंथरूण टाकून निजत आणि त्याची म्हातारी आई भिंतीला टेकून बसे. धाग्याला मानवणारा ओलावा म्हातारीच्या सांध्यांना मानवत नसे आणि लहानग्याचा खोकला त्याने लवकर बरा होत नसे. एकाच खोलीकडून पोट आणि प्रकृती या दोहोंची मागणी निराळी. भाडे एकच, आणि निवड करावयाची कोणी? बहुधा पोटाचीच बाजू वरचढ ठरे. पुढे हातमागाची जागा विजेवर चालणाऱ्या यंत्रमागाने घेतली. खड्डे बुजले, पण माग आणि संसार एकाच छपराखाली नांदण्याची रीत पुष्कळ ठिकाणी तशीच चालू राहिली. ज्यांच्या भिंतीपलीकडे यंत्रमाग चालतात, त्यांना त्याच्या खडखडाटात झोप येते आणि माग थांबला की जाग येते, असे पूर्व भागातील लोक हसत हसत सांगतात.

आता आपल्या खोलीकडे वळू. समजा, अक्कलकोट तालुक्यातील एका खेड्यातून एक तरुण आपल्या बहिणीला घेऊन सोलापुरास आला आहे. बहीण महाविद्यालयात शिकणार आहे आणि तो एका कारखान्यात कामाला लागणार आहे. खोली दाखविण्यासाठी घरमालकीण स्वतः आली आहे. ती वृद्ध आहे, आणि सगळे तिला अक्का म्हणतात.

"या, आत या. चपला तेथे काढा," अक्का म्हणतात. "खोली छान आहे. उन्हाळ्यात पंखाही लावावा लागत नाही."

"अक्का, पावसाळ्यात कशी असते?" बहीण विचारते.

"पावसाळ्यात जरा गारवा असतो एवढेच."

"आणि भिंतीचा हा खालचा रंग पांढरा कशाने झाला आहे?"

या शेवटच्या प्रश्नाने त्या मुलीची हुशारी दिसून येते. दोन-तीन फूट उंचीपर्यंत भिंतीचा रंग फुगलेला असणे, त्यावर पांढरी भुकटी दिसणे, बोट लावताच गिलावा झडणे, याला 'लोणा लागणे' असे म्हणतात. तुम्ही घरी एक प्रयोग करून पाहा. एका वाटीत निळीचे पाणी घ्या आणि त्यात सुती कापडाची फक्त एक कड बुडवा. थोड्या वेळाने निळा रंग कापडावर वर वर चढलेला दिसेल. वीट आणि चुना यांच्यातही अशीच बारीक छिद्रे असतात. जमिनीतील पाणी त्या छिद्रांतून भिंतीत चढते. पाणी उडून जाते आणि त्यात विरघळलेले क्षार भिंतीवर मागे राहतात. तीच ती पांढरी भुकटी. रंगाचा नवा हात दिला म्हणजे ती काही महिने झाकली जाते. ओल मात्र आत तशीच राहते. म्हणून नुकताच रंग दिलेली तळमजल्याची खोली पाहताना अधिक सावध असावे. कपाट भिंतीपासून थोडे ओढून मागे पाहावे. कोंदट वास येतो का, ते नाकाने ठरवावे. नाकाला फसविणे कठीण असते.

दुसरी पाहावयाची गोष्ट म्हणजे जोते. घराचा पाया जमिनीच्या वर जेवढा उचललेला असतो, त्याला जोते म्हणतात. जुने लोक जोते चांगले उंच बांधीत. दोन-तीन पायऱ्या चढून घरात जावे लागे. परंतु शहरात एक विलक्षण प्रकार घडतो. रस्त्यावर वारंवार खडी व डांबर पसरले जाते. पूर्वीचा थर न उकरता त्यावर नवा थर पडतो. वर्षानुवर्षे असे होता होता रस्ता वर चढतो आणि घर आहे तेथेच राहते. जेथे आजोबा पायऱ्या चढून घरात जात, तेथे नातू पायरी उतरून घरात जातो. जोरदार पाऊस आला की रस्त्यावरचे पाणी उंबरठा ओलांडून आत शिरते आणि घरातील माणसे पिंप, पेट्या व पुस्तके खाटेवर चढवू लागतात. सोलापूर हा कमी पावसाचा मुलूख आहे हे खरे. पण येथील पाऊस कधी कधी वर्षभराची कसर एका रात्रीत भरून काढतो. म्हणून खोली पाहावयास जाताना दारात उभे राहून रस्ता वर आहे की उंबरठा वर आहे, हे आधी पाहावे. शेजाऱ्यांनी दारापुढे विटांचा बांध घातला असेल तर अधिक काही विचारण्याचे कारण उरत नाही.

तळमजल्याचे तोटे सांगितले, तसे त्याचे गुणही सांगितले पाहिजेत. वैशाखात वरच्या मजल्यावरची माणसे तापलेल्या छताखाली घामाघूम होत असतात, तेव्हा खालची खोली बरीच थंड असते. म्हाताऱ्या माणसांना जिना चढावा लागत नाही. मागे परसू असेल तर चार मिरचीची रोपे लावता येतात. आणि सर्वांत मोठा गुण म्हणजे पाणी.

सोलापूरला पाण्याची चिंता नवी नाही. शहराच्या उत्तरेस हिप्परगे येथील एकरुख तलाव एकोणिसाव्या शतकात बांधला गेला. १९८० च्या सुमारास भीमा नदीवरील उजनी धरण पूर्ण झाले आणि पुढे शहराला तेथून नळाने पाणी मिळू लागले. तरीही या शतकात कित्येक वर्षे शहरातील अनेक वस्त्यांना रोज पाणी मिळत नसे. तीन-चार दिवसांआड नळ येई. पाणी येण्याच्या वेळी एकच धांदल उडे. अशा वेळी वरच्या मजल्यावरचा नळ फुसफुस आवाज करून गप्प बसतो आणि खालच्या नळाला मात्र धार लागलेली असते. पाणी उंचावर चढण्यासाठी त्याला मागून दाब हवा. दाब कमी पडला की ते सखल जागीच प्रथम बाहेर पडते. कित्येक घरांपुढे लोकांनी छोटा खड्डा खणून नळ त्यात खाली उतरवलेला तुम्ही पाहिला असेल, त्याचे कारण हेच. नळ हातभर खाली गेला तरी त्याला अधिक पाणी मिळते. मग वरच्या मजल्यावरील बिऱ्हाडे घागरी घेऊन खालच्या खोलीच्या दाराशी येतात. "वहिनी, दोन घागरी भरून घेऊ का?" असे विचारले की नाही म्हणवत नाही. तळमजल्याच्या भाडेकरूला अशा रीतीने न मागता मान मिळतो; थोडा त्रासही होतो.

आता अक्का आणि तो तरुण यांच्यातील व्यवहार पाहू. भाडे ठरले. त्याखेरीज अक्कांनी काही महिन्यांच्या भाड्याइतकी रक्कम अनामत म्हणून मागितली. लोक तिला 'डिपॉझिट' म्हणतात. अनामत हा शब्द नीट ध्यानात घ्या. अनामत म्हणजे दुसऱ्यापाशी विश्वासाने ठेवलेली वस्तू. ती अक्कांच्या मालकीची होत नाही. खोली सोडताना भाडे थकलेले नसेल आणि काही मोडतोड झालेली नसेल, तर ती परत मिळाली पाहिजे.

"पावती मिळेल ना अक्का?" तरुण विचारतो.

"अहो, माझ्यावर विश्वास नाही का?"

"विश्वास आहे म्हणून तर राहावयास येतो आहे. पावती तुमच्याही उपयोगी पडेल. उद्या मी भाडे दिले की नाही, हे कोणी विचारले तर तुम्हाला आठवत बसावे लागणार नाही."

त्याचे म्हणणे बरोबर होते. महाराष्ट्रात घरभाड्याविषयी स्वतंत्र कायदा आहे. १९४७ सालच्या मुंबई राज्याच्या जुन्या कायद्याची जागा आता महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याने घेतली आहे; तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्या कायद्याप्रमाणे भाड्याची रक्कम घेतली की मालकाने लेखी पावती देणे बंधनकारक आहे. भाड्याचा करार लेखी असला पाहिजे आणि त्याची सरकारी कचेरीत नोंदणी झाली पाहिजे. ती करून घेण्याची जबाबदारी मालकावर टाकलेली आहे. करार नोंदलेला नसेल आणि पुढे तंटा झाला, तर कोणत्या अटींवर जागा दिली होती याविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. अकरा महिन्यांचा करार असेल तर नोंदणी लागत नाही, अशी एक समजूत बाजारात फार पसरलेली आहे. महाराष्ट्रापुरती ती खरी नाही. येथे अकरा महिन्यांच्या करारालाही नोंदणी लागते.

हल्ली शहरांत बहुतेक खोल्या 'लीव्ह अँड लायसन्स' या पद्धतीने दिल्या जातात. यात राहणाऱ्याला भाडेकरूचे पूर्ण हक्क मिळत नाहीत. ठरावीक मुदतीपर्यंत जागा वापरण्याची परवानगी तेवढी मिळते. मुदत संपली की जागा रिकामी करावी लागते. न केल्यास ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. जुन्या पद्धतीच्या भाडेकरूचे तसे नाही. तो कायद्याने ठरलेले भाडे देत असेल, किंवा देण्यास तयार असेल, आणि इतर अटी पाळीत असेल, तर केवळ मालकाच्या मर्जीखातर त्याला बाहेर काढता येत नाही. भाडे थकले म्हणून दावा लावावयाचा तरी आधी लेखी सूचना देऊन नव्वद दिवस वाट पाहावी लागते. म्हणून सही करण्यापूर्वी कागदाच्या माथ्यावर काय लिहिले आहे, ते वाचावे. बारीक अक्षर आहे म्हणून कंटाळा करू नये.

आणखी एक तरतूद सांगण्याजोगी आहे. भाडेकरूशी भांडण झाले म्हणून मालकाला त्याचे पाणी तोडता येत नाही, वीज बंद करता येत नाही, जिन्यातला दिवासुद्धा योग्य कारणावाचून काढून नेता येत नाही. कायदा करणाऱ्यांना हे मुद्दाम लिहावे लागले, यावरून असे प्रकार घडत असले पाहिजेत, हे तुमच्या लक्षात येईल. घर सोडावयास लावण्यासाठी दार मोडावे लागत नाही. उन्हाळ्यात सोलापुरासारख्या गावी आठवडाभर पाणी तोडले की पुरे.

ज्या जुन्या भाडेकरूंना कायद्याचे संरक्षण आहे, त्यांचे भाडे मालकाला दरवर्षी शेकडा चार या प्रमाणात वाढविता येते. ५०० रुपये भाडे असेल तर पुढील वर्षी ते ५२० रुपये होईल. त्यापुढील वर्षी किती होईल, ते तुम्ही वहीत काढून पाहा. ५४० असे उत्तर आले तर गणित पुन्हा करा.

सरकारने भाड्यात हात घालावा, ही कल्पना कोठून आली? १९१५ साली, पहिले महायुद्ध चालू असताना, स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात दारूगोळ्याच्या व जहाजांच्या कारखान्यांसाठी हजारो कामगार येऊन दाखल झाले. खोल्या कमी, माणसे फार. घरमालकांनी भाडी वाढविली. घरातील पुरुष रणांगणावर किंवा कारखान्यात. दाराशी वसुलीला येणाऱ्या माणसाला तोंड देण्याचे काम बायकांवर आले. मेरी बार्बर नावाच्या गृहिणीच्या पुढाकाराने बायकांनी वाढीव भाडे देण्याचे नाकारले. कोणाला घराबाहेर काढण्यासाठी अधिकारी आला की एखादी बाई घंटा वाजवी, आणि ती ऐकताच साऱ्या गल्लीतील बायका हातातले काम टाकून जिन्यात गर्दी करीत. अधिकाऱ्याला वर जाण्यास वाटच उरत नसे. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून लहान घरांची भाडी युद्धापूर्वीच्या पातळीवर बांधून टाकली. पुढे तीन वर्षांनी, १९१८ साली, मुंबईतही युद्धकालीन भाडेनियंत्रणाचा कायदा झाला.

तथापि मालक म्हणजे धनाढ्य आणि भाडेकरू म्हणजे गरीब, असे सरसकट समजू नका. अक्कांचेच उदाहरण घ्या. त्यांच्या यजमानांनी गिरणीतून निवृत्त होताना मिळालेल्या पैशांतून ही एक खोली बांधली. तिचे भाडे हेच आज अक्कांचे औषधपाणी. जुन्या कायद्याने भाडी पुष्कळ वर्षे गोठून राहिली, तेव्हा अनेक ठिकाणी असे झाले की महिन्याच्या भाड्यात एक खिडकीसुद्धा दुरुस्त होईना. मालकाने डागडुजी सोडली, भिंती खचल्या, आणि ज्याचे रक्षण करावयाचे त्या भाडेकरूच्याच डोक्यावर छत कोसळण्याची पाळी आली. मुंबईतील जुन्या इमारतींची ही कहाणी प्रसिद्धच आहे. दोन्ही बाजूंना न्याय देणारे भाडे ठरविणे ही सोपी गोष्ट नव्हे, आणि आजवर कोणत्याही देशाला ती पूर्णपणे साधलेली नाही.

भाडेकरूलाही काही बंधने आहेत. त्याने भाडे वेळेवर द्यावे. मालकाच्या संमतीवाचून खोली तिसऱ्याच माणसाला देऊ नये. अशा तिसऱ्या माणसाला पोटभाडेकरू म्हणतात आणि त्याच्यामुळे फार तंटे उद्भवतात. न विचारता पक्के बांधकाम करू नये. खिळा ठोकण्याइतकी मोकळीक बहुधा असते. पण ओलसर भिंतीत खिळा ठोकला तर गिलाव्याचा पोपडाच हातात येतो, हे तळमजल्यावर राहणाऱ्याला लवकरच कळते.

सोलापुरात भाड्याच्या खोलीशी जन्मभर झगडलेल्या लोकांत विडी वळणाऱ्या स्त्रियांचा उल्लेख केल्यावाचून हा विषय पुरा व्हावयाचा नाही. पूर्व भागात हजारो स्त्रिया घरी बसून विड्या वळतात. तेंदूची पाने भिजवून कापावयाची, त्यात तंबाखू भरावयाची, दोऱ्याने बांधावयाची, आणि हजार विड्यांच्या हिशेबाने मजुरी घ्यावयाची. त्यांची खोली हीच त्यांची कार्यशाळा. शंभर-दीडशे चौरस फुटांत सुपे, पाने, तंबाखूचा खकाणा आणि निजलेले मूल. अंधारी खोली असली तर दिवसाही दिवा लावावा लागे, आणि विजेचे बिल मजुरीतूनच जाई. महिन्याला ठरावीक भाडे देऊनही मालक म्हणेल त्या दिवशी खोली सोडावी लागेल, ही धास्ती निराळीच. शाळेत जाणाऱ्या मुलांच्या दृष्टीने तर हे फार कठीण. खोली बदलली की पेठ बदलते आणि पेठ बदलली की शाळा.

या स्त्रियांनी सहकारी संस्था स्थापन करून स्वतःच्या घरांची मागणी लावून धरली. शहराबाहेर कुंभारी येथे त्यांच्यासाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. वारल्यांमध्ये आयुष्यभर काम केलेल्या गोदावरी परुळेकर, म्हणजेच गोदूताई, यांचे नाव तिला दिलेले आहे. १ सप्टेंबर २००६ रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत ही घरे कामगार स्त्रियांच्या हाती सोपविण्यात आली. पुढे त्याच परिसरात असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांची रे नगर ही वसाहत हाती घेण्यात आली, आणि त्यांतील पंधरा हजार घरांचे हस्तांतर १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. ज्यांनी वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या भिंतीला टेकून विड्या वळल्या, त्यांना आपल्या भिंतीत हवा तेथे खिळा ठोकता येऊ लागला. मात्र कुंभारी शहरापासून दूर. पेठेत राहत असताना कामाच्या ठिकाणी पायी जाता येई. तेथून बसने किंवा रिक्षाने यावे लागते. भाडे वाचले आणि बसभाडे वाढले, असा हिशेब काही घरांत मांडावा लागला. मोठ्या शहरात लोक गैरसोयीची, ओलसर, परंतु कामाजवळची खोली का पत्करतात, याचे उत्तर या हिशेबात दडलेले आहे.

आपल्या तरुणाने आणि त्याच्या बहिणीने शेवटी अक्कांची खोली घेतली. लोणा लागलेला होता, हे त्यांनी पाहिले होतेच. पण उंबरठा रस्त्याहून वीतभर उंच होता, पूर्वेला खिडकी होती आणि महाविद्यालय चालत वीस मिनिटांवर होते. ओलीबद्दल बोलणे झाले, तेव्हा अक्कांनी भाडे थोडे कमी केले आणि पावसाळ्यापूर्वी परसातील पन्हाळ दुरुस्त करून देण्याचे कबूल केले. ते कबूल केलेले बहिणीने करारात लिहून घेतले. अक्का प्रथम थोड्या रुसल्या, मग म्हणाल्या, "शिकलेली पोर आहे, लिहिणारच." राहावयास आल्याच्या दिवशी दोघांनी विजेच्या मीटरवरील आकडा वहीत टिपून ठेवला, फुटलेली एक काच अक्कांना दाखविली, खाट ओलीच्या भिंतीपासून हातभर दूर सरकविली आणि पुस्तकांची पेटी दोन विटांवर ठेवली. संध्याकाळी नळ आला, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या काकू घागर घेऊन दाराशी उभ्याच होत्या.